बीलो कंपनी, ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ आणि तिची पूर्वीची दूरचित्रवाणी केंद्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बीलो’ नावाच्या कंपन्या नेमक्या किती आणि त्यांतील कोणती कशाची मालक होती?

बहुतेक वाचकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून त्याचा उलगडा आधी करणे बरे. २००८ च्या आरंभापर्यंत कंपनी एकच होती. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरी मुख्यालय असलेल्या या बीलो कॉर्पोरेशनकडे वर्तमानपत्रेही होती आणि दूरचित्रवाणी केंद्रेही. ८ फेब्रुवारी २००८ रोजी तिचे दोन भाग झाले. वीस दूरचित्रवाणी केंद्रे जुन्या कंपनीकडेच, म्हणजे बीलो कॉर्पकडे राहिली. ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’, ऱ्होड आयलंडमधील ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ आणि कॅलिफोर्नियातील ‘प्रेस-एंटरप्राइझ’ ही दैनिके ए. एच. बीलो कॉर्पोरेशन नावाच्या नव्या कंपनीकडे गेली. कंपनी नवी असली तरी तिने घेतलेले नाव जुन्या मालकाचे होते, आणि त्यामुळे आजही एकीची माहिती दुसरीच्या खात्यावर टाकली जाते.

बीलो कॉर्प २०१३ च्या अखेरीस गॅनेट कंपनीत विलीन झाली. ए. एच. बीलोने जून २०२१ मध्ये डॅलसन्यूज कॉर्पोरेशन असे नाव घेतले. त्यामुळे बीलो या नावाने चालणारी मोठी माध्यम कंपनी आता उरलेली नाही.

हे नाव कोणाचे?

आल्फ्रेड होरेशियो बीलो यांचे. ते मूळचे उत्तर कॅरोलायनाचे. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात कर्नल होते आणि युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये गॅल्व्हेस्टन बंदरातील ‘न्यूज’ या दैनिकात रुजू झाले. हे दैनिक १८४२ पासून निघत होते. पुढे बीलो त्याचे मालक झाले. राज्याच्या उत्तर भागात रेल्वेमुळे वाढणाऱ्या डॅलसमध्ये दुसरे दैनिक काढण्यासाठी त्यांनी जॉर्ज बॅनरमन डीली या तरुण सहकाऱ्यावर जबाबदारी टाकली आणि १ ऑक्टोबर १८८५ रोजी ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’चा पहिला अंक निघाला. सुमारे पाचशे किलोमीटर अंतरावरील ही दोन दैनिके तारायंत्राने जोडलेली होती आणि बराचसा मजकूर दोन्हीकडे एकाच वेळी छापला जाई. गॅल्व्हेस्टनचे मूळ दैनिक कंपनीने १९२३ मध्ये विकले. १९२६ मध्ये डीली यांनी बीलो यांच्या वारसांकडून कंपनी विकत घेतली, पण नाव बदलले नाही. डॅलसमधील ज्या चौकात १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तो डीली प्लाझा याच डीलींच्या नावाचा आहे.

दक्षिणेच्या सैन्याशी आणि पर्यायाने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांशी असलेले हे नाते २०२१ च्या नावबदलामागे होते.

वर्तमानपत्राची कंपनी दूरचित्रवाणीच्या व्यवसायात शिरली कशी?

रेडिओच्या वाटेने. कंपनीने २६ जून १९२२ रोजी डब्ल्यूएफएए हे नभोवाणी केंद्र सुरू केले. शेजारच्या फोर्ट वर्थ शहरातील ‘स्टार-टेलिग्राम’ या दैनिकाचेही डब्ल्यूबीएपी नावाचे केंद्र होते. ही दोन प्रतिस्पर्धी केंद्रे अनेक दशके एकाच ध्वनिलहरीवर आळीपाळीने प्रक्षेपण करीत. फोर्ट वर्थची पाळी आली की गाईच्या गळ्यातली घंटा वाजवली जाई. आजच्या वाचकाला ही व्यवस्था विचित्र वाटेल, परंतु ध्वनिलहरी मोजक्या आणि त्या हव्या असलेल्या संस्था अनेक, अशा काळात वर्तमानपत्रांनी काढलेला तो व्यवहारी मार्ग होता.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत डॅलसच्या कंपनीने स्वतः केंद्र उभारले नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये टॉम पॉटर या तेल व्यावसायिकाने केबीटीव्ही हे केंद्र सुरू केले होते. ते बीलोने १९५० मध्ये विकत घेतले आणि त्याला रेडिओ केंद्राचेच नाव दिले. वाहिनी क्रमांक ८ वरचे डब्ल्यूएफएए ते हेच. त्या काळी प्रदेशातील तिन्ही मोठ्या दैनिकांच्या हाती एकेक दूरचित्रवाणी केंद्र होते : ‘मॉर्निंग न्यूज’कडे डब्ल्यूएफएए, ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’कडे केआरएलडी आणि ‘स्टार-टेलिग्राम’कडे डब्ल्यूबीएपी. बातमी छापणारे आणि दाखवणारे मालक एकच असणे ही अमेरिकेतील अनेक शहरांची रीतच होती.

एकाच मालकीचा बातमीदारीला खरोखर उपयोग होत होता का?

काही वेळा होत होता, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण २२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारचे आहे. केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या जात असताना एब्राहम झप्रूडर या कपड्यांच्या व्यावसायिकाने आपल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने ते दृश्य टिपले. ‘मॉर्निंग न्यूज’चे बातमीदार हॅरी मॅक्कॉर्मिक यांची त्यांच्याशी घटनास्थळाजवळ गाठ पडली. ते झप्रूडर यांना गुप्तचर सेवेच्या अधिकाऱ्यासह आधी आपल्या वर्तमानपत्राच्या इमारतीत घेऊन गेले. फिल्म धुण्याची सोय तिथे नव्हती, म्हणून मंडळी लगतच्या डब्ल्यूएफएएच्या इमारतीत गेली. तिथेही त्या प्रकारची फिल्म धुता येत नव्हती, पण केंद्राचे कार्यक्रम संचालक जे वॉटसन यांनी झप्रूडर यांना कॅमेऱ्यासमोर बसवले आणि हत्येला काही तास होण्याच्या आतच एका प्रत्यक्षदर्शीची मुलाखत थेट प्रक्षेपित झाली. फिल्म अखेर कोडॅकच्या प्रयोगशाळेत धुतली गेली. छापखाना आणि स्टुडिओ यांच्यामध्ये चार पावलांचे अंतर होते आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत होती, म्हणूनच हा साक्षीदार इतक्या लवकर लोकांसमोर आला.

तरीही दोन संपादकीय विभाग वेगळे होते आणि रोजच्या बातमीत ते एकमेकांशी चढाओढ करीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. एकत्र मालकीचा खरा लाभ पैशाच्या बाजूने होता. ज्या वर्षी जाहिराती छापील पानांवरून आटत, त्या वर्षी पडद्यावरच्या जाहिराती घर चालवत, आणि उलटही घडे.

शहरात एकाच मालकाकडे दैनिक आणि केंद्र असू नये, असा नियम नव्हता का?

होता. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७५ मध्ये एकाच बाजारपेठेतील दैनिक आणि प्रक्षेपण केंद्र यांच्या सामाईक मालकीवर बंदी घातली, मात्र आधीपासून असलेल्या बहुतेक जोड्यांना सूट दिली. डॅलसची जोडी त्या सवलतीत बसली. शेजाऱ्यांनी तोवर वेगळी वाट धरलेली होती. ‘टाइम्स हेरल्ड’ १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या टाइम्स मिरर कंपनीकडे गेले, आणि १९७४ मध्ये ‘स्टार-टेलिग्राम’ एका कंपनीला व त्याचे दूरचित्रवाणी केंद्र दुसऱ्या कंपनीला विकले गेले. बीलोने आपली जोडी पुढेही तीन दशके टिकवली.

हा नियम आयोगाने २०१७ मध्ये रद्द केला, खालच्या न्यायालयाने तो २०१९ मध्ये पुन्हा जिवंत केला आणि १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. म्हणजे सामाईक मालकीचा मार्ग कायद्याने मोकळा झाला, तेव्हा डॅलसमधील जोडी मोडून तेरा वर्षे उलटली होती.

कंपनीकडे वीस केंद्रे कशी जमली?

१९८१ मध्ये कंपनी भांडवली बाजारात उतरली आणि तिथून विस्ताराला वेग आला. १९८४ मध्ये डन अँड ब्रॅडस्ट्रीटच्या कोरिंथियन गटातील केंद्रे ६० कोटी ६० लाख डॉलरना घेतली गेली. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे ह्यूस्टनचे केएचओयू. या केंद्राचा जन्म १९५३ मध्ये केजीयूएल या नावाने गॅल्व्हेस्टनमध्ये झाला होता, म्हणजे ज्या बंदरात बीलोचे मूळ दैनिक वाढले तिथेच. मला या साऱ्या इतिहासात हा योग विशेष भावतो.

१९९४ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूएल आले. १९९७ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरना प्रॉव्हिडन्स जर्नल कंपनी घेतली, तेव्हा दैनिकासोबत सिॲटलचे किंग, पोर्टलंडचे केजीडब्ल्यू, लुइव्हिलचे डब्ल्यूएचएएस अशी केंद्रेही पदरात पडली. याच खरेदीतून खाद्यपदार्थांच्या ‘फूड नेटवर्क’ या वाहिनीतला हिस्साही आला होता. तो स्क्रिप्स कंपनीला देऊन बीलोने सॅन अँटोनियोचे केईएनएस केंद्र मिळवले. १९९९ मध्ये सॅक्रॅमेंटोचे केंद्र गॅनेटला देऊन ऑस्टिनचे केव्हीयूई घेतले. अशा रीतीने डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो आणि ऑस्टिन या टेक्सासच्या चारही प्रमुख शहरांत बीलोचे बातमी विभाग उभे राहिले.

वर्तमानपत्राच्या आघाडीवर याच काळात एक अप्रिय घटना घडली. डिसेंबर १९९१ मध्ये बीलोने ‘टाइम्स हेरल्ड’ची मालमत्ता साडेपाच कोटी डॉलरना विकत घेऊन ते दैनिक बंद केले. त्याचा शेवटचा अंक ९ डिसेंबरला निघाला. धंद्याचे गणित म्हणून त्यात नवल नव्हते, परंतु डॅलसच्या वाचकांना त्यानंतर तोलामोलाचे दुसरे शहर-दैनिक मिळाले नाही, आणि हे नुकसान मोठे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

ही केंद्रे बातमीदारीसाठी ओळखली जात होती, की केवळ नफ्यासाठी?

दोन्हींसाठी, आणि पहिल्या ओळखीचे पुरावे भक्कम आहेत. नोव्हेंबर १९८६ मध्ये डब्ल्यूएफएएने डॅलसच्याच सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिले जात असल्याचे उघड केले. शहरातले धनिक आणि सत्ताधारी या संघाचे पाठीराखे होते, तरी बातमी दाखवली गेली. विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला.

फेब्रुवारी २००० मध्ये केएचओयूच्या ॲना वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांचा माग काढून फायरस्टोन टायरचे वरचे थर वेगात असताना सोलून निघतात, हे दाखवले. टायर कंपनीने आक्षेप घेतला, पण बातमी पाहून इतर ठिकाणचे नागरिक आपापल्या तक्रारी केंद्राकडे आणि सरकारी यंत्रणेकडे कळवू लागले. ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत मागवण्याची घोषणा झाली. एका शहराच्या केंद्राने काढलेली बातमी साऱ्या देशाच्या रस्त्यांवरची जोखीम कमी करून गेली.

ऑगस्ट २००५ च्या कतरीना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हाही डब्ल्यूडब्ल्यूएलचे प्रक्षेपण अखंड चालू राहिले. केंद्राने आधीच बॅटन रूज येथील लुईझियाना राज्य विद्यापीठात पर्यायी स्टुडिओची व्यवस्था करून ठेवली होती आणि प्रक्षेपण यंत्रणा पुराच्या पाण्याच्या वर राहील अशा उंचीवर बांधली होती. छतावर अडकलेल्यांची, फुटलेल्या बांधांची आणि खुल्या असलेल्या निवाऱ्यांची माहिती लोकांना मिळत राहिली. या कामाला पीबडी पुरस्कार मिळाला. वादळ येण्याआधी खर्च करून ठेवण्याची ही वृत्ती मालकांकडून यावी लागते, आणि म्हणूनच केंद्र कोणाच्या हाती जाते हा प्रश्न प्रेक्षकाच्याही हिताचा ठरतो.

मग २००८ मध्ये विभाजन का केले?

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छोट्या जाहिराती, म्हणजे घरे, गाड्या आणि नोकऱ्यांच्या जाहिराती, इंटरनेटकडे वळल्या. हाच वर्तमानपत्राच्या उत्पन्नाचा कणा होता. त्यात २००४ मध्ये ‘मॉर्निंग न्यूज’चा खप वाढवून सांगितला गेल्याचे कंपनीनेच जाहीर केले आणि जाहिरातदारांना सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले. केंद्रांची स्थिती वेगळी होती. निवडणुकीच्या वर्षी राजकीय जाहिरातींचा ओघ येई, शिवाय केंद्राचे कार्यक्रम आपल्या जोडणीवर दाखवण्यासाठी केबल आणि उपग्रह कंपन्या देत असलेले शुल्क वाढू लागले होते. वर्तमानपत्रांच्या घसरणीमुळे केंद्रांचेही मोल बाजारात कमी धरले जाते, असा गुंतवणूकदारांचा सूर होता. १ ऑक्टोबर २००७ रोजी, म्हणजे ‘मॉर्निंग न्यूज’च्या वर्धापनदिनीच, विभाजनाची घोषणा झाली.

प्रत्येक भागधारकाला बीलोच्या एका समभागामागे नव्या कंपनीचा एकपंचमांश समभाग मिळाला. जुने कर्ज केंद्रांच्या कंपनीकडे ठेवून वर्तमानपत्रांना कर्जमुक्त सुरुवात करून दिली, ही या योजनेतील न्याय्य बाजू होती. डीली कुटुंबाचे वंशज रॉबर्ट डेकर्ड वर्तमानपत्रांच्या कंपनीचे प्रमुख झाले आणि केंद्रांची धुरा डुनिया शाइव्ह यांच्याकडे आली. निवृत्तिवेतनाची सामाईक योजना २०११ मध्ये वेगळी करण्यात आली.

केंद्रांच्या विक्रीतून वर्तमानपत्राला किती पैसे मिळाले?

काहीही नाही. हा प्रश्न वारंवार येतो, कारण ‘बीलो दोन अब्जांना विकली गेली’ हे वाक्य लोकांच्या लक्षात राहिले आहे. १३ जून २०१३ रोजी गॅनेटने बीलो कॉर्प प्रत्येक समभागाला १३.७५ डॉलर या दराने घेण्याचे जाहीर केले. समभागांची किंमत सुमारे दीड अब्ज डॉलर होती आणि अंगावर घेतलेले कर्ज धरून व्यवहार सुमारे २.२ अब्जांचा होता. हे पैसे बीलो कॉर्पच्या भागधारकांना मिळाले. ज्यांनी २००८ पासून दोन्ही कंपन्यांचे समभाग ठेवले होते त्यांचा फायदा झाला, परंतु वर्तमानपत्राच्या तिजोरीशी या रकमेचा संबंध नव्हता. पाच वर्षांपूर्वीच्या विभाजनाचा खरा अर्थ त्या दिवशी कळला. केंद्रांची कमाई वर्तमानपत्राच्या कठीण वर्षांत उपयोगी पडावी, ही शक्यता विभाजनाने कायमची संपवली होती. भागधारकांच्या दृष्टीने निर्णय बरोबर ठरला. शहराच्या दृष्टीने तो महागात पडला, असे मी म्हणेन.

गॅनेटकडे गेल्यावर केंद्रांचे काय झाले?

व्यवहार २३ डिसेंबर २०१३ रोजी पूर्ण झाला आणि गॅनेटची केंद्रे २३ वरून ४३ झाली. काही शहरांत गॅनेटचे स्वतःचे दैनिक किंवा केंद्र आधीच होते. त्यामुळे लुइव्हिल, पोर्टलंड अशा ठिकाणचे परवाने कागदोपत्री दुसऱ्या कंपन्यांकडे ठेवावे लागले, तर सेंट लुईचे केएमओव्ही मेरेडिथ कंपनीला विकावे लागले. मग २९ जून २०१५ रोजी गॅनेटनेही तेच केले जे बीलोने केले होते. केंद्रे टेग्ना या कंपनीकडे राहिली आणि वर्तमानपत्रे गॅनेट हे नाव घेऊन वेगळी निघाली. टेग्ना घेण्याचा स्टँडर्ड जनरल या गुंतवणूक संस्थेचा प्रयत्न मे २०२३ मध्ये फसला. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्याच अर्व्हिंग शहरातील नेक्सस्टारने टेग्ना ६.२ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला.

मालक बदलले तरी जुने धागे पूर्ण तुटले नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात बफेलो बायूचे पाणी केएचओयूच्या इमारतीत शिरले आणि कर्मचाऱ्यांना स्टुडिओ सोडावा लागला, तेव्हा ह्यूस्टनचे प्रक्षेपण सावरायला डॅलसचे डब्ल्यूएफएए धावून आले.

आणि ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’?

‘प्रेस-एंटरप्राइझ’ २०१३ मध्ये आणि ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ २०१४ मध्ये विकले गेले. २०१७ मध्ये दैनिकाने यंग स्ट्रीटवरची १९४९ पासूनची इमारत सोडली. तिच्या दर्शनी भिंतीवर सत्याच्या पायावर बातमी उभारण्याचे आणि प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जाणण्याचा लोकांचा हक्क मान्य करण्याचे डीली यांचे वचन कोरलेले आहे. नवा पत्ता कॉमर्स स्ट्रीटवरच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा झाला.

जुलै २०२५ मध्ये हर्स्ट कंपनीने दैनिक विकत घेण्याचे जाहीर केले. खर्चकपातीसाठी प्रसिद्ध असलेल्या आल्डन या गुंतवणूक संस्थेशी संबंधित कंपनीने त्यावर चढा भाव देऊ केला. निर्णायक मते हाती असलेल्या डेकर्ड यांनी तो नाकारला आणि सप्टेंबरमध्ये भागधारकांनी समभागाला १६.५० डॉलर या दराने हर्स्टच्या बाजूने कौल दिला. कमी पैसे घेऊन बातमी विभागाची काळजी घेणारा मालक निवडण्याचा हा निर्णय मला मनापासून स्तुत्य वाटतो. हर्स्टकडे ह्यूस्टन, सॅन अँटोनियो आणि ऑस्टिनची दैनिकेही आहेत, शिवाय इतर राज्यांत दूरचित्रवाणी केंद्रे आहेत. म्हणजे ‘मॉर्निंग न्यूज’ पुन्हा एकदा केंद्रे असलेल्या कंपनीचे झाले, फक्त त्या केंद्रांत डब्ल्यूएफएए नाही.

भारतात असा नियम आहे का?

वर्तमानपत्राच्या मालकाने वृत्तवाहिनी काढू नये, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. म्हणूनच ‘सकाळ’ समूहाची साम ही वाहिनी निघू शकली आणि ‘लोकमत’ समूहाने भागीदारीत मराठी वृत्तवाहिनी सुरू केली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने माध्यमांतील सामाईक मालकीवर निर्बंध सुचवणाऱ्या शिफारशी २०१४ मध्ये केल्या होत्या. अमेरिकेतील केंद्र एका शहरापुरता परवाना घेऊन चालते आणि आपली वाहिनी राज्यभर किंवा देशभर दिसते, हा फरक तुलना करताना विसरू नये.

जुन्या बातम्या आणि चित्रफिती कुठे पाहता येतात?

डब्ल्यूएफएएच्या जुन्या बातमीपटांचा मोठा संग्रह डॅलसमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या जोन्स चित्रपट व चित्रफीत संग्रहात जतन केलेला आहे आणि त्यातील बराच भाग इंटरनेटवर खुला आहे. ज्या विद्यापीठाचा फुटबॉल हंगाम या केंद्राच्या बातमीमुळे बुडाला, त्यानेच हा ठेवा सांभाळला आहे. केनेडी हत्येच्या दिवसांतील प्रक्षेपणासाठी डीली प्लाझावरील सिक्स्थ फ्लोअर संग्रहालयाकडे विचारणा करावी. ‘मॉर्निंग न्यूज’चे १८८५ पासूनचे अंक डिजिटल स्वरूपात असून डॅलस सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदांना ते पाहता येतात.